जुन्या फर्ग्युसनसाठी स्लॅशर

आमच्या कोरेगाव तालुक्यातील जमिनीचा वसना नदीच्या बाजूचा भाग उसाखाली आहे, आणि चढावरच्या, सातबाऱ्यावर अद्याप जिराईत म्हणूनच नोंदलेल्या भागात वडिलांनी लावलेली आंब्याची झाडे आहेत. या झाडांच्या ओळींमधून पावसाळ्याअखेर कमरेएवढे गवत माजते, आणि विळा घेऊन येणारी माणसे दरसाल दुर्मीळ होत चालल्यामुळे ते वेळेवर कापले जाणे अशक्यप्राय झाले होते. तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचे फिरत्या पात्यांचे यंत्र, ज्याला आमच्याकडे सरसकट स्लॅशर म्हणतात, ते घ्यावे असे घरात ठरले. ठरविणे सोपे होते; निवड मात्र अवघड निघाली, आणि तिचे कारण आमचा ट्रॅक्टर.

हा ट्रॅक्टर म्हणजे वडिलांच्या अमदानीत घरी आलेला करड्या रंगाचा फर्ग्युसन टी.ई. 20. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात 1946 ते 1956 या दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. 1951 पासून त्यांत डिझेल इंजिनाचा प्रकार निघाला, आणि आमचा त्याच जातीचा, सव्वीस अश्वशक्तीचा आहे. एडमंड हिलरी 1958 च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच बनावटीच्या ट्रॅक्टरांवरून. आज जगातले बहुतेक ट्रॅक्टर ज्या तीन सांध्यांच्या जोडणीने अवजार उचलतात, ती हॅरी फर्ग्युसन यांची कल्पना या लहानशा यंत्राच्या द्वारेच शेतोशेती पोहोचली. ते मोडीत काढावे असे मला कधीही वाटले नाही, आणि म्हणून ट्रॅक्टरला पेलेल असेच अवजार शोधणे हे मी माझे कर्तव्य मानले.

पहिला प्रश्न गवताच्या विनियोगाचा. स्लॅशरची पाती आडवी फिरून गवताला झोडपतात व त्याचे तुकडे करतात. ते जमिनीवरच आच्छादन म्हणून कुजते, त्याच्या पेंढ्या बांधता येत नाहीत. ज्याला गुरांसाठी वैरण साठवावयाची आहे त्याने कात्रीसारख्या सरकत्या पात्यांचे यंत्रच घ्यावे. आमचा बहुतेक माल कुसळी गवत आणि गाजरगवत. पैकी दुसरे, जे 1955–56 च्या सुमारास पुण्यात प्रथम दृष्टीस पडले आणि आज प्रत्येक बांधावर ठाण मांडून बसले आहे, ते फुलावर येण्यापूर्वी कापले तरच उपयोग. त्यामुळे वैरणीचा मोह मी सोडला.

यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या सुमारास कराडला जे कृषिप्रदर्शन भरते, तेथे उसाच्या पाचटाची कुट्टी करणारी मल्चर यंत्रे पाहून मात्र मन चळले. खोडव्यातले पाचट पेटवून देण्याची आमच्या जिल्ह्यातील रीत मला नेहमीच क्लेशदायक वाटत आली आहे. एकरी तीन-चार टन सेंद्रिय द्रव्य एका काडीने धुरात घालविणे हा जमिनीवरील अन्याय आहे. परंतु त्या यंत्रांच्या आडव्या रुळावर ओळीने लटकणारे हातोडे फिरविण्यास पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्ती लागते, ती आमच्यापाशी नव्हती.

राहता राहिली रुंदी. फुटाला पाच अश्वशक्ती हा विक्रेत्यांचा ढोबळ हिशेब; त्याप्रमाणे चार फुटी यंत्रास वीस आणि पाच फुटीस पंचवीस. आमच्या सव्विसांपैकी अवजार फिरविणाऱ्या मागच्या शाफ्टापर्यंत पोहोचते त्याहून कमी, तेव्हा चार फुटी घ्यावे हे उघड. पण फर्ग्युसनची मागची चाके कितीही जवळ घेतली तरी मध्यापासून मध्यापर्यंत अठ्ठेचाळीस इंच अंतर राहते, त्यात दहा इंची टायर धरले म्हणजे बाहेरून बाहेर अठ्ठावन्न इंच भरतात. अर्थात चार फुटी यंत्र ठीक मध्यभागी जोडले तर दोन्ही बाजूंस चाकाखाली दबलेले गवत उभेच राहणार, आणि पाच फुटी घेतले तर ओल्या गवतात इंजिन गुदमरणार व मागच्या वजनाने पुढची चाके उचलणार. अखेरीस चार फुटी पण उजवीकडे सरकवून जोडता येणारे यंत्र मी पसंत केले. एका बाजूचे चाक झाकले जाते, दुसऱ्या बाजूचा पट्टा पुढच्या फेरीत येतो, आणि आंब्याच्या खालच्या फांद्यांखाली ट्रॅक्टर न नेता कापणी होते.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट आमच्या वृद्ध मिस्त्रींनी दाखविली. फर्ग्युसनला क्लच एकच. त्याच क्लचातून चाकांकडेही शक्ती जाते आणि मागच्या शाफ्टाकडेही. मिस्त्रींनी शेजाऱ्यांचा स्लॅशर उसना आणून मोकळ्या माळावर आमच्या ट्रॅक्टरला लावला, पाती पूर्ण वेगाने फिरू दिली, आणि पहिल्या गिअरमध्ये चालत्या ट्रॅक्टरचा क्लच दाबून धरला. इंजिनाचा संबंध तुटला, तरी ट्रॅक्टर थांबेना. जड पात्यांचा फिरता वेग उलट दिशेने गिअरबॉक्समध्ये शिरून चाकांना पुढे ढकलीत होता. पुढे विहीर असती तर काय झाले असते, ते कुणी बोलून दाखविण्याची गरज उरली नाही. मिस्त्री एवढेच म्हणाले, “मालक, क्लच दाबला म्हंजी गाडी थांबली असं न्हवं. पाती फिरत्यात तवर गाडी चालूच हाय.”

यावरचा उपाय म्हणजे एकाच दिशेने शक्ती देणारी जोडणी. सायकलचे पायडल थांबविले तरी चाक मोकळे फिरत राहते, तसे हिच्यामुळे पाती मोकळी फिरत राहतात आणि त्यांचा वेग ट्रॅक्टरमध्ये परतू शकत नाही. तिने आमची दुसरीही अडचण सुटली. फर्ग्युसनचा शाफ्ट 1⅛ इंच जाडीचा, आणि आजची अवजारे 1⅜ इंची, सहा खाचांच्या शाफ्टासाठी घडविलेली. जोडणीचे एक तोंड लहान व दुसरे मोठे घेतले की दोन्हींचा मेळ बसतो. मात्र तिच्यामुळे शाफ्ट काही इंचांनी मागे जातो, म्हणून ट्रॅक्टर आणि यंत्र जोडणाऱ्या दांड्याची एकात एक सरकणारी नळी तेवढी कापून घ्यावी लागते, नाही तर लिफ्ट उचलताना ती आतल्या आत ठेचते. जुन्या, एकाच क्लचाच्या ट्रॅक्टरवर स्लॅशर घेणाऱ्या प्रत्येकाने रुंदी आणि किंमत विचारण्याच्या आधी या जोडणीची चौकशी करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

यंत्र शेवटी सांगली जिल्ह्यातून आणले. 1910 साली, तेव्हाच्या औंध संस्थानच्या हद्दीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे घडविली. त्या मुलखात अवजारे बनविणाऱ्या लहान कारखानदाराशीही मापांची भाषा बोलता येते, हा अनुभव सुखद होता. मी गिअरबॉक्सचे तेल पाहिले, मागच्या बाजूस दगड उडू नयेत म्हणून साखळ्यांचा पडदा मागून घेतला, आणि पाती ताटलीला पक्की न बसविता खिळीवर मोकळी हलणारी असावीत असा आग्रह धरला. आमच्या मुरमाड जमिनीत दगड लागला की असे पाते मागे दुमडते आणि वाचते. शिअर बोल्टची एक पिशवीही बरोबर घेतली. हा बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी कठीण पोलादी बोल्ट ठोकणारे लोक आहेत. मग बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्सचे दात जातात.

आता गणपतीपूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा बागेत कापणी होते. ऊस तुटून गेल्यावर वाळलेल्या पाचटावरूनही मी स्लॅशर जमिनीपासून चांगला उंच ठेवून सावकाश फिरवितो. मल्चरइतकी बारीक कुट्टी होत नाही, पण लांब पाने तुटतात, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजविणारे जिवाणू टाकून पाणी दिले की खोडवा त्यातून वर येतो. पाती बोथट झाली की मी दोन्ही एकदम उतरवितो, दोहोंचे वजन सारखे राहील अशा बेताने घासून घेतो, कारण एक हलके झाले की सारे यंत्र थरथरू लागते आणि त्या हादऱ्याने आधी गिअरबॉक्सचे ऑइल सील गळू लागते, मग बेअरिंग जाते.