तिसरी कॅसेट

नायगावच्या बीडीडी चाळीत पोलिसांची पुष्कळ बिऱ्हाडं होती, त्यातलं एक आमचं. खोली १६० चौरस फुटांची, माणसं सहा. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने यायचा, सोबत रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी. सगळं सकाळी दुकान उघडायच्या वेळी परत द्यायचं. पहिल्या दोन कॅसेटी सर्वांच्या पसंतीच्या असत, एक मारामारीची आणि एक रडारडीची. तिसरी दुकानदार त्याच्या मनाने द्यायचा, कारण तोवर निम्मी चाळ झोपलेली असे. त्या वर्षी तिसरी कॅसेट ‘अर्धसत्य’ निघाली. मी बारा वर्षांची होते आणि कठड्याला टेकून जागी राहिले होते.

कळलं फार थोडं. ओम पुरीचा अनंत वेलणकर सब-इन्स्पेक्टर आहे, तो गुंडांना पकडून आणतो आणि वरून फोन आला की त्यांना सोडावं लागतं, एवढं कळलं. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज न चढवता बोलतो, याची भीती वाटली. पण लक्षात राहिला तो वेलणकरचा बाप. अमरीश पुरींनी केलेला, खेड्यात राहणारा, पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, बायकोला मारणारा. तो मारतो आणि लहानगा अनंत बघत राहतो. हे दृश्य चालू असताना पलीकडच्या खोलीतले एक काका उठले आणि विडी ओढायला म्हणून जिन्याकडे गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या खोलीतून रात्री कसले आवाज येतात ते चाळीत प्रत्येकाला माहीत होतं.

माझे वडील हवालदार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा शेवटपर्यंत बसले. चित्रपट संपला, वायरी काढल्या, चटई गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, “साहेबाचा पिक्चर आहे. आमच्यातला एक दाखवला, तोही बायकोला मारणारा.” मग तोंड धुऊन ते सकाळच्या बंदोबस्ताला गेले.

हे वाक्य माझ्यासोबत गेली चाळीस वर्षं आहे. शहराचे काळेकुट्ट, खरे सिनेमे बघायची आणि ते दुसऱ्यांना सुचवायची सवय मला त्यातूनच लागली.

कॉलेजात असताना ‘अर्धसत्य’ पुन्हा पाहिला. तेव्हा कळलं, की गोविंद निहलानींच्या या १९८३ च्या हिंदी चित्रपटामागे मराठी हात किती आहेत. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, कविता दिलीप चित्र्यांची. यावेळी मी वेलणकरकडे कमी बघितलं. त्याच्या मागे उभे असलेले शिपाई बघितले. कोठडीत तो मारतो आणि माणूस मरतो, तेव्हा चौकीत आणखी कोण कोण होतं ते शोधत राहिले. अण्णांनी लावलेली ही सवय सुटली नाही. ‘सत्या’ १९९८ साली आला आणि सगळे भिकू म्हात्रेवर फिदा झाले. मनोज वाजपेयींचं काम होतंच तसं. मला मात्र त्याची बायको प्यारी दिसत राहिली. शेफाली शहांनी ती काय केली आहे! बाहेर माणसं पडत असतात आणि ही घरात नवऱ्याशी कडाकडा भांडते, दुसऱ्या मिनिटाला हसते. ‘सत्या’नंतर टोळीयुद्धांच्या सिनेमांची रांग लागली, त्यांत बंदुका खूप आल्या, असं घर फारसं आलं नाही. म्हणून त्यातले बहुतेक मी कुणालाही सुचवत नाही.

सुचवण्यात माझी एक मोठी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा रवींद्र धर्मराज यांचा ‘चक्र’ (१९८१) मला फार थोर वाटतो. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोस्टरवर मात्र त्यांचं उघड्यावर अंघोळ करतानाचं चित्र लावलं गेलं. झोपडपट्टीतल्या बाईला अंघोळीला चार भिंती नाहीत हे त्या दृश्याचं दुखणं, ते लोकांना बोलावण्यासाठी वापरलं, याचा मला आजही राग येतो. हे सगळं मी कचेरीतल्या एका मैत्रिणीला भरभरून सांगितलं आणि सीडी दिली. तिने ती दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवली. म्हणाली, “ताई, वीस मिनिटं बघितला. नळावरच्या रांगेत मी चौदा वर्षं उभी होते. तेच पुन्हा बसून कशाला बघू?” मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून असा सिनेमा सुचवण्याआधी मी समोरच्या माणसाला, तो कुठे वाढला, हे विचारते. ज्याने ते आयुष्य काढलं त्याला तो बघायची सक्ती नसावी. ज्याने काढलं नाही त्याने मात्र बघायलाच हवा.

परवा भाचा म्हणाला, “मावशी, वेब सिरीज सगळ्या संपवल्या. काहीतरी डार्क सांग ना, पण खरं वाटलं पाहिजे.” तो पुण्यात स्वतःच्या खोलीत, दार लावून वाढलेला मुलगा. त्याला मी आधी मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) दिला. त्यातल्या कृष्णाला घरी परतायला ५०० रुपये हवे आहेत. सबंध चित्रपट एवढ्या रकमेवर उभा आहे आणि ती रक्कम शेवटपर्यंत जमत नाही. त्यातली बरीच मुलं खरोखर रस्त्यावरचीच होती. कृष्णाचं काम करणाऱ्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवू लागला. भाचा हे ऐकून बराच वेळ गप्प होता.

मग ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेंच्या या चित्रपटात एकही खून नाही, पण इतका काळोख मी दुसरीकडे पाहिलेला नाही. एका शाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. त्या कामगाराची विधवा साक्ष द्यायला येते आणि सांगते, की गटारात उतरण्याआधी झुरळ बाहेर येतं का ते तो बघायचा. झुरळ आलं म्हणजे आत हवा आहे. ती हे बाजारहाट सांगावा तसं सांगते आणि कोर्ट ते लिहून घेतं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील शाहिराला तुरुंगात ठेवायला सांगते, मग लोकलने घरी जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक करते. तिचा राग धरता येत नाही, हे मला सर्वात जड गेलं.

अण्णांनी ‘कोर्ट’ पाहिला नाही, त्याआधीच ते गेले. मल्याळममधला ‘नायट्टू’ २०२१ साली आला. त्यात खालच्या हुद्द्याच्या तीन पोलिसांमागे त्यांचंच खातं लागतं. तो बघताना मी शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती.

नायगावच्या, वरळीच्या चाळींतून रात्रपाळीला निघणाऱ्या मुंबईच्या हवालदाराचा असा चित्रपट अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर सांगा.