दमणगंगेच्या काठी अर्ध्या वॅटचा आवाज

सिल्वासा, किंवा आपल्या जुन्या बोलण्यातले सेलवास, हे गाव गुजरातेतील मराठी कुटुंबांना बहुधा वापीहून आत वळणारा एक फाटा म्हणूनच ठाऊक असते. मुंबईला जाता-येता पाटी दिसते, 'एकदा जायला हवे' असे कुणीतरी म्हणते आणि गाडी पुढे निघून जाते. वास्तविक या भूमीशी मराठी माणसाचे नाते फार जुने आहे. १७७२ साली मराठी आरमाराने 'सांताना' नावाचे पोर्तुगीज जहाज नष्ट केले. १७७९ च्या तहात त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना लावून दिली आणि १७८३ साली नगर हवेलीची बहात्तर गावे प्रत्यक्ष त्यांच्या हाती गेली. एका जहाजाची ही भरपाई पुढे पावणेदोनशे वर्षे चालू राहिली, याला व्यवहारज्ञान म्हणावे की दुर्दैव, हे वाचकांनीच ठरवावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बडोद्याहून दोन मोटारी करून तिकडे गेलो. लहानमोठी मिळून नऊ माणसे. त्यांत वयाने वडील आमच्या अक्का, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आणि सर्वांत धाकटी नात सात वर्षांची. सेलवास शहर सपाटीवर आहे. कारखाने, वसाहती, नदीकाठच्या बागा आणि १८९७ सालचे पोर्तुगीज वळणाचे चर्च असा सारा मेळ तेथे आहे. परंतु खानवेलचा वीसेक किलोमीटरचा रस्ता धरला, की प्रदेश पालटू लागतो. सागाचे रान दाट होते, सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या रस्त्याला कवेत घेतात आणि वारली व कोकणा लोकांची घरे उतारावर विरळ विरळ दिसू लागतात. त्यांच्या बोलीतले निम्मेअधिक शब्द आपल्या कानाला ओळखीचे वाटतात, आणि जे वाटत नाहीत ते चेहऱ्यावरून कळतात. खानवेलहून तितकेच अंतर पुढे गेले, की मधुबन धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि त्याच्या काठचे दूधनी गाव लागते. या पाण्याखाली कित्येक आदिवासींची शेते आणि घरे गेली आहेत. सहलीला जाणाऱ्याने नावेत बसताना तेवढे ध्यानात ठेवावे.

खानवेल सोडले आणि भ्रमणध्वनीचा भरवसा सरला. कधी एका वळणावर तो जागा होई, पुढच्या वळणावर मुका. हे आधीच ऐकून असल्यामुळे आमच्या धाकट्याने दोन लहान बिनतारी संच, म्हणजे ज्यांना सारे वॉकीटॉकी म्हणतात ते, बरोबर घेतले होते. एकेका मोटारीत एकेक. या संचांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण परदेशी नातलग असलेल्या अनेक घरांत ते भेटीदाखल येतात आणि ते येथे चालतात की नाही याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

आमच्या भाच्याने अमेरिकेहून अशी एक जोडी आणली होती. ती आम्ही कपाटातच ठेवली. तिकडचे कौटुंबिक संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात; आपल्याकडे त्या लहरींना विनापरवाना मोकळीक नाही. आपल्याकडे ती आहे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या चिंचोळ्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना. तेव्हा विकत घेताना खोक्यावर हा आकडा आणि सरकारची उपकरण-मान्यता या दोन्ही गोष्टी पाहून घ्याव्यात. 'दहा किलोमीटरपर्यंत खात्रीने' असे छापलेले स्वस्त, जोरकस संच दिसतात. त्यांतील पुष्कळसे पोलिसांच्या वा अग्निशमन दलाच्या लहरींवरही जाऊ शकतात आणि म्हणूनच ते बेकायदेशीर ठरतात. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन दुकानांना नोटिसा धाडल्या, त्या याच कारणाने. साध्या रेडिओसाठीही पोस्टात फी भरून परवाना घेण्याचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना या चौकशीचे ओझे वाटणार नाही.

आमच्या संचांची शक्ती अर्ध्या वॅटची. रात्री खोलीत लावतो त्या मिणमिणत्या दिव्यापेक्षा फार नव्हे. पण दोन मोटारींना एवढे पुष्कळ होते. 'पुढे गुरे आहेत, हळू या', 'डावीकडे चहाची टपरी आहे, थांबतो', एवढेच बोलायचे असते. बटण दाबावे, क्षणभर थांबावे, मग बोलावे. बोलून झाले की बटण सोडावे. एकाने बोलताना दुसऱ्याला बोलता येत नाही, हा या यंत्राचा दोष समजला जातो. आमच्या घरापुरता तो मोठा गुण ठरला. नऊ माणसांच्या कुटुंबात एकाचे वाक्य पुरे होईतो दुसऱ्याने ऐकून घ्यावे, हा चमत्कार मी प्रथमच पाहिला. अक्कांना मात्र बटण सोडण्याचे पथ्य जमेना.

"अक्का, बटण सोडा, म्हणजे मला बोलता येईल," धाकटा मागच्या मोटारीतून सांगण्याची वाट पाहत बसे, आणि अक्का बटण दाबूनच विचारीत, "अरे, बोलत का नाहीस? रागावलास का?"

दूधनीला गुडघ्यांमुळे अक्का नावेत बसल्या नाहीत. मी त्यांच्यासोबत काठावर राहिलो. इतर सारी मंडळी जीवरक्षक जाकिटे घालून पाण्यावर गेली. एक संच नावेत, दुसरा अक्कांच्या मांडीवर. उघड्या पाण्यावरून आवाज इतका स्वच्छ येत होता, की नात शेजारी बसून बोलते आहे असे वाटावे. "अक्काआजी, येथे पाणी हिरवे आहे!" अक्का हसून उत्तर देत होत्या. मग नाव एका टेकडीच्या सोंडेमागे वळली आणि आवाज तुटला.

अक्कांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांचे यजमान रेल्वेत होते. पावसाळ्यात रात्रीच्या पाळीला गेले की सकाळपर्यंत निरोप नसे, आणि त्या रात्री त्यांनी कशा काढल्या हे आमच्या घरात कोणी कधी विचारले नव्हते. "मघाशी तर बोलत होती," एवढेच त्या दोनदा म्हणाल्या. निरोप नसण्यापेक्षा चालू असलेला निरोप तुटणे अधिक जड जाते, हे मला तेव्हा दिसले.

कारण सरळ होते. या लहरींची लांबी सुमारे सदुसष्ट सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड हात. उजेडासारख्याच त्या सरळ रेषेत जातात. उघड्या पाण्यावर त्या लांबवर पोहोचतील. पण मध्ये माती-दगडाची टेकडी आली की संपले. दाट झाडीतही त्या झपाट्याने क्षीण होतात. म्हणून निघण्यापूर्वीच आम्ही ठरवले होते, की आवाज गेला तर त्याचा अर्थ 'टेकडी' असा घ्यायचा, 'अपघात' असा नव्हे. आणि दर पंधरा मिनिटांनी, घड्याळ पाहून, दोन्हीकडून हाक द्यायची. हे मी अक्कांना पुन्हा समजावून सांगितले. त्यांनी घड्याळ हातात घेतले ते खाली ठेवले नाही.

वेळ जावा म्हणून मी त्यांना याच मुलखातील दुसऱ्या बिनतारी संचांची हकीगत सांगितली. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी सेलवास मुक्त केले. त्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पुढे आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले तेव्हा घरोघरी जो कंठ ऐकला गेला, तो या रानातून जाऊन आलेला होता. अक्कांना हे ठाऊक नव्हते. पोर्तुगिजांकडून त्या वेळी हस्तगत झालेले दोन बिनतारी संच वाया गेले नाहीत. त्यांतून एक प्रक्षेपक सिद्ध करण्यात आला आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी त्यावरून गोव्यासाठी गुप्त नभोवाणी चालवली, आधी आंबोलीच्या घाटातून, पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून. पोर्तुगीज आणि कोंकणी, दोन्ही भाषांत. सहा वर्षे. आपले बोलणे कोण ऐकते आहे, हे त्या दोघांना दिसत नव्हते, आणि रानात त्यांना सोबत बहुधा पावसाचीच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा विमानातून ध्वनिक्षेपकावर ती वार्ता लोकांना सांगायला हीच दोघे गेली. पुढे त्यांनी विवाह केला. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली.

"सहा वर्षे रानात!" अक्का म्हणाल्या. "आणि तिच्या आईला कोण निरोप देत असेल रे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतक्यात पंधरा मिनिटे भरली. अक्कांनी बटण दाबले, क्षणभर थांबल्या, हाक दिली आणि बटण सोडले, दिवसभरात प्रथमच अगदी बिनचूक. खरखर झाली, काही नाही. पुढच्या हाकेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. मग ठरल्या मिनिटाच्या जरा आधीच नात आली: "अक्काआजी, आम्ही टेकडीमागे होतो, ऐकू आले का?" अक्का म्हणाल्या, "आता आले."

एक सावधगिरीची गोष्ट सांगायची राहिली. या संचांवरचे बोलणे खासगी नसते. 'उपवाहिनी' वा 'गुप्त सूर' म्हणून जे बटण असते, त्याने परक्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही इतकेच. आपला आवाज त्याला जातोच. तेव्हा मुक्कामाची खोली, दागिने, पैसे यांची चर्चा त्यावर करू नये. बॅटरी उतरते, म्हणून रात्री संच भारित करून ठेवावेत. आणि ज्या ठिकाणी खरेच संकट येऊ शकते, तेथे अर्ध्या वॅटच्या भरवशावर जाऊ नये. स्थानिक नावाड्याला आणि गावातल्या माणसाला आपण कुठे जातो ते सांगून जावे.

परतताना वापीपर्यंत मागची मोटार पुढच्या मोटारीला गाण्याच्या भेंड्यांत हरवत आली. बडोद्याला पोहोचल्यावर धाकट्याने संच गोळा केले, तो एकच भरला. दुसरा अक्कांनी आपल्या उशाशी ठेवून घेतला होता. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. रोज रात्री साडेनऊला खरखर होते आणि आवाज येतो, "मी दिवा मालवते आहे. बटण सोडते."