टाकी आणि काटा

गाड्यांच्या वायरिंगचे काम करायला लागून मला तीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत माझ्याकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे पेट्रोलच्या काट्याची. 'काटा खोटं बोलतो,' असे गाडीचे मालक म्हणतात. माझे मत जरा वेगळे आहे. काटा सहसा खोटे बोलत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचते तेवढेच तो बापडा सांगतो.

यंदा माऊलींची पालखी पुण्यात मुक्कामाला होती, त्या दिवसांत एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली. एम.जी.बी. नावाची, दोन माणसांची, कापडी छताची बुटकी गाडी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डन गावी 1962 ते 1980 या काळात अशा पाच लाखांवर गाड्या तयार झाल्या, पण आपल्याकडे एखादीच दृष्टीस पडते. मालक निवृत्त गृहस्थ. टाकी 12 गॅलनची, म्हणजे सुमारे 54 लिटरची. ती काठोकाठ भरून पंपावरून निघाले तरी काटा शून्यावर. म्हणून ते गाडीत एक वही ठेवत. कधी किती लिटर भरले, त्यावर किती किलोमीटर झाले, सगळे तारीखवार. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा पंपावर. "मिस्त्री, गाडी चालवताना रस्त्याकडे लक्षच नसतं हो, सगळं लक्ष वहीत," असे म्हणाले. मीटरच नवा मागवा, असे त्यांना कोणी सांगितले होते. मी म्हटले, "साहेब, आधी बघू तर."

या गाडीच्या मीटरची रचना मला फार आवडते. टाकीत एका दांडीच्या टोकाला पोकळ फ्लोट असतो, तो पेट्रोलवर तरंगतो. दांडीचे दुसरे टोक रेझिस्टन्सच्या बारीक तारेवरून सरकते. टाकी भरलेली असली की वाटेतला अडथळा थोडा, सुमारे 20-30 ओहम. रिकामी झाली की तोच 240 च्या घरात. अडथळा कमी तेवढा प्रवाह जास्त. मीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. प्रवाहाने ती तापते, वाकते आणि काट्याला वर ढकलते. तापायला वेळ लागतो म्हणून हा काटा संथ असतो. चावी फिरवल्यावर सावकाश चढतो आणि खड्ड्यात पेट्रोल हिंदकळले तरी उड्या मारत नाही. शिवाय डॅशबोर्डच्या मागे एक छोटा स्टॅबिलायझर बसवलेला असतो. इंजिन मंद चालो की जोरात, बॅटरीकडून 12 व्होल्ट येवोत की 14, मीटरला तो सरासरी 10 व्होल्टच पोहोचवतो. बाहेर काहीही होवो, आत सारखेच. माणसात ही कला यायला जन्म जातो.

या सगळ्या साखळीचे शेवटचे टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले असते. त्याला आम्ही 'अर्थ' म्हणतो. 'अर्थ मिळत नाही' हे वाक्य आमच्या गॅरेजात दिवसातून चारदा ऐकू येते आणि कोणी हसत नाही.

आता यातला बिघाड दोन तऱ्हांचा. टाकीकडे जाणारी वायर तुटली किंवा तिकडचा अर्थ गेला, तर प्रवाहच वाहत नाही आणि काटा शून्यावर पडून राहतो. टाकीत पेट्रोल किती, याचा त्याला पत्ता नसतो. उलट तीच वायर वाटेत कुठे सोलून निघाली आणि टाकीपर्यंत न जाता मध्येच बॉडीला टेकली, तर काटा थेट 'फुल'वर जातो आणि तिथेच बसतो. टाकीत थेंब नसला तरी.

यातला दुसरा बिघाड घातक. शून्यावर अडकलेला काटा माणसाला फार तर वही ठेवायला लावतो. 'फुल'वर अडकलेला काटा दिवेघाटात मध्येच उभे करतो. गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतांची मडकी तपासली, ती कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो. नामदेवराय तर साक्षात विठ्ठलाशी बोलणारे, पण तिथे त्यांचे मडके कच्चे ठरले. मग ते विसोबा खेचरांकडे गेले. आपले भरलेपण आपणच वाचू नये, ते दुसऱ्याच्या थापटण्याने कळावे, असे मला त्या कथेत दिसते.

पण मला त्या दिवसांत रात्रंदिवस दिसत होता तो शून्यावरचा काटा, कारण तो माझ्या घरातच होता.

माझ्या आईने सत्तावीस वाऱ्या पायी केल्या. त्यातली बरीच वर्षे डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन. दोन वर्षांपूर्वी पडल्याने तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी चालणे बंद केले. तेव्हापासून तिचे एकच पालुपद, "माझ्या हातून काहीच झालं नाही रे." नातेवाईक तिला हिशोब सांगत. सत्तावीस वाऱ्या, रोजचा हरिपाठ, कधी एकादशी मोडली नाही. ती म्हणे, "ते माऊलीनं करून घेतलं. त्यात माझं काय?"

बोलणे वारकऱ्याला शोभणारेच. तुकोबारायांच्या गाथेत स्वतःकडे उणेपण घेणारे किती अभंग आहेत. मग आईची ही नम्रताच म्हणायची का? मला तसे वाटत नव्हते. संत स्वतःला रिते म्हणतात तेव्हा त्यांचा हात विठ्ठलाच्या पायावर असतो. आईने टाळ खुंटीला लावला होता. हरिपाठाची वेळ झाली की ती भिंतीकडे तोंड करून पडे. पालखी निघाली त्या दिवशी टीव्हीसुद्धा लावू दिला नाही.

गाडीची पहिली चाचणी सोपी असते. टाकीवरची हिरव्यावर काळी रेघ असलेली वायर काढायची, तिला लांब तुकडा जोडायचा आणि तो टाकीपासून दूर, स्वच्छ लोखंडाला टेकवायचा. पेट्रोलजवळ ठिणगी नको म्हणून टाकीचे झाकण घट्ट बंद. मी टेकवली, मालक डॅशबोर्डकडे बघत होते. थोड्या वेळाने ओरडले, "चढतोय! चढतोय!" काटा सावकाश 'फुल'ला गेला. म्हणजे मीटर ठीक, स्टॅबिलायझर ठीक, वायर ठीक. टाकीतले युनिट मोजले, तेही बरोबर. दोष निघाला मागच्या बाजूच्या एका बोल्टाखाली. तिथली काळी वायर पन्नास वर्षांच्या पावसाने हिरवी पडली होती. वरून घट्ट दिसत होती, आत धातूला धातू लागत नव्हता. पॉलिश पेपरने घासले, नवा थिंबल दाबला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. खर्च चहाच्या पैशांचा.

"मग नवा मीटर नको?"

"मीटरला काय झालंय, साहेब?"

त्याच संध्याकाळी सासवडच्या मुक्कामावरून आमच्या दिंडीतल्या एका मावशींचा फोन आला. त्यांना मीच म्हटले, "मावशी, हरिपाठ सुरू झाला की फोन तसाच चालू राहू द्या." मी तो आईच्या उशाशी ठेवला आणि काही बोललो नाही. पलीकडून टाळ-मृदंग, मध्येच ट्रकचा हॉर्न, कोणीतरी पाण्याच्या टँकरसाठी हाक मारत होते. बराच वेळ आई हलली नाही. तिसऱ्या-चौथ्या अभंगाला तिची बोटे चादरीवर ठेका धरू लागली. तोंड भिंतीकडेच होते.

'आई बरी झाली' असे मी म्हणणार नाही. हाड जुळायचे ते जुळेल, वारी घडायची ती घडेल. पण मावशींनी नेम धरला. रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. जेजुरीच्या मुक्कामी आईने टाळ मागितला. खुंटीवरचा टाळ काढला तर त्याची दोरी कुजलेली. ती मी गॅरेजातल्या सुताने बांधून दिली.

गाडीचे मालक परवा येऊन गेले. काटा बरोबर दाखवतो म्हणाले. वही मात्र अजून गाडीतच आहे, सवय आहे म्हणाले. मी त्यांना काही म्हटले नाही. घरी गेलो तेव्हा पाच वाजले होते. आई उठून बसली होती. मला म्हणाली, "हातपाय धू आधी. आज मुक्काम कुठं आहे रे, लोणंदला का तरडगावला?"