मुक्काम चुकला

सातारा,
माघी एकादशी

चि. सोनू,

काल रात्री तू फोन ठेवलास तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी फारसं बोलले नाही. रडणाऱ्या पोरीला फोनवर शहाणपण सांगू नये, एवढं नोकरीने शिकवलंय. सकाळी उपासाची भगर शिजत टाकली आणि कागद घेऊन बसले. एवढं मोठं मोबाईलवर मला टंकता येत नाही, आणि टंकलं तरी तू निम्म्यात सोडशील.

दोन गोष्टी म्हणालीस. गणिताचा एम-थ्री राहिला, सरकारच्या पैशावर शिकून नापास व्हायची लाज वाटते, बॅग भरून घरी येते, ही एक. दुसरी अगदी हळू म्हणालीस, गळ्यातली तुळशीची माळ काढून खणात टाकली. पहिलीबद्दल मला थोडंफार कळतं. दुसरीतलं तुझ्या आजोबांना जास्त कळतं, पण त्यांना मी सांगितलेलं नाही.

आधी पैशांचं. एकतीस वर्षं मी कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीआड बसले. खिडकी लहान, मुलं वाकून बोलायची, त्यामुळे मला चेहरे कमी आणि हात जास्त आठवतात. एकाचे हात पाचटाने चिरलेले होते. दिवाळीची सुट्टी उसाच्या फडात काढून आला होता. त्याने रिन्युअलचा फॉर्म आत सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, हा रद्द करा. माझे तीन विषय राहिलेत. ज्याला येतंय त्याला माझे द्या." त्याला वाटत होतं, आपण सोडलेले पैसे शेजारच्या बाकावरच्या हुशार मुलाला मिळतात. मी म्हटलं, "अरे, तू नको म्हटलंस तर कुणालाच मिळत नाहीत. यादीतली एक ओळ कमी होते, बस." फॉर्म मी पेपरवेटखाली ठेवला आणि त्याला सोमवारी बोलावलं. सोमवारी तो सगळ्या झेरॉक्स घेऊन आला.

तो पुढे कलेक्टर झाला असं ऐकायची तयारी ठेवली असशील, तर तसं काही नाही. सेकंड क्लासमध्ये बीएस्सी झाला, एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. मध्यंतरी स्टँडवर भेटला, चहाचे पैसे त्याने दिले.

शिष्यवृत्ती वेळेवर येते, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कागदांचे गठ्ठे होते तेव्हाही नाही आणि महाडीबीटी आल्यावरही नाही. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकावर दुसरं, एवढ्यावरून मी आठ-आठ महिने हप्ते अडकलेले पाहिलेत. तोवर मुलं मेसच्या वहीवर जेवायची. पण तुझी फी माफ आहे ती दया म्हणून नव्हे. तुझ्या बापाचं उत्पन्न किती आणि तुझा प्रवेश कशाला, हे बघून दिलेला तो हक्क आहे. एटीकेटीवर पुढच्या वर्षात गेलीस की रिन्युअल भरता येतं. एक विषय राहिला म्हणून कुणी तुझं नाव खोडत नाही. तूच खोडायला निघालीस.

ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती तू घेतेस, त्या शाहू महाराजांनी कुणाकुणाला हात दिला ते बघ. त्यातलेच एक बाबासाहेब. आमच्या साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. पुढे १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांवर त्यांना अमेरिकेत पाठवलं. तिथून ते लंडनला गेले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सामान ज्या जहाजावर होतं तेही टॉर्पेडोने बुडालं. मग मुंबईत प्रोफेसरकी करून पैसे साठवले, थोडे एका पारशी मित्राने उसने दिले, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एवढं करून डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी सांगितलं, पुन्हा लिहून आणा. त्यांनी लिहून दिला आणि १९२३ मध्ये पदवी घेतली. जयंतीच्या भाषणांत पदव्यांची यादी असते. हे परत लिहिणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, म्हणून तुला सांगितलं.

आता माळेचं. तुझे आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, विठोबाकडे काही मागत नाहीत. मी लहानपणी विचारलं होतं, मग जाता कशाला? म्हणाले, "आषाढ जवळ आला की पाय घरात ठरत नाहीत." एवढंच. नवस-सायास तुझ्या आजीकडे होते, अण्णांकडे फक्त नेम.

१९९४ च्या वारीत वाल्ह्याला त्यांच्या टाचेत काटा मोडून पू झाला. डॉक्टरने तीन दिवस पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. पालखी कुणासाठी थांबत नाही. अण्णा अनोळखी घराच्या ओसरीवर पडून राहिले. नीरास्नान चुकलं, लोणंदला दिंडीबरोबर राहता आलं नाही. मग एका टेम्पोत बसून चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणाच्या गर्दीत पोहोचले. रथामागच्या दिंड्यांचे नंबर शोधत शोधत आपली दिंडी गाठली. वाटलं होतं, लोक विचारतील, कुठे होता? कुणी विचारलं नाही. विणेकऱ्याने गळ्यातली वीणा काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. वीणा खाली ठेवायची नसते, एकाने दुसऱ्याला द्यायची असते. घरी आल्यावर आई म्हणाली, "यंदा तुमची वारी चुकली." अण्णा म्हणाले, "मुक्काम चुकला. वारी कुठं चुकली?"

तुझा लाप्लास की काय तो मला कळत नाही. पण तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा एम-थ्री निघालाय, असं तूच म्हणालीस. रोज पहाटे तासभर तिच्याजवळ बस. तिला सांगायला लाज वाटते म्हणालीस, ती थोडे दिवस मला दे.

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव. अर्जाची मुदत फार थोडी असते, उद्याच साइट बघ आणि किती पैसे लागतात ते कळव. माळ राहू दे खणात. घालायची की नाही ते तुझं तू ठरव, मी अण्णांना सांगणार नाही. बुधवारी तुझी आई नातेपुत्याहून पुण्याला येतेय, तिच्यासमोर बॅग भरलेली दिसू देऊ नकोस.

तुझी
मावशी

ता. क. तुझ्या आधारवर बापाच्या नावापुढे 'राव' आहे, पासबुकावर नाही. मागच्या दिवाळीतच मी बघितलं होतं. ते आधी दुरुस्त करून घे.