एकच बंदूक

मी आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. खडूखेरीज दुसरे हत्यार मला ठाऊक नाही, आणि त्याचाही नेम शेवटच्या बाकापर्यंत कधी पोचलेला नाही. तरी रात्री माझ्या उशाशी आफ्रिकेतल्या शिकारीची पुस्तके असतात. "उद्या सकाळचा तास आहे ना?" असे सौ. विचारते, तेव्हा मी मनाने टांझानियाच्या गवतात रानरेड्याच्या मागावर असतो!

या पुस्तकांतला एक वाद मला फार आवडतो. पाच किलोच्या डिक-डिक हरणापासून पाच टनांच्या हत्तीपर्यंत साऱ्यांसाठी एकच रायफल न्यायची, तर कोणती? बहुतेक जाणते लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली आणलेल्या ०.३७५ कडे बोट दाखवतात. तिची ३०० ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम. पण बंदूक ठरली तरी गोळीचे काय? मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलते. कुडूला, ईलंडला ती योग्य. हत्तीच्या कवटीत मात्र ती वाटेतच अडते. कठीण कवचाची गोळी सरळ आत जाते. हत्तीला तीच हवी. पण कळपातल्या हरणावर झाडली, तर आरपार जाऊन मागच्या जनावरालाही लागायची.

'कारामोजो' बेलने हजारावर हत्ती मारले, तेही बहुतेक ७ मिलिमीटरच्या किरकोळ रायफलीने. आकडा वाचून आज अंगावर काटा येतो. पण हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो, हे त्याने आधी पाहून ठेवले होते.

मी ते पाहिले नव्हते. गेल्या वर्षी एका खेड्यातल्या मुलाने वर्गात निबंध वाचला आणि मी सवयीने एक उपरोधिक वाक्य झाडले. दांडग्या पोरांच्या कातडीवरून असली वाक्ये घसरून पडतात. वर्ग हसला. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून दिसेना.

जखमी जनावर झुडपात शिरले, तर त्याचा माग काढल्यावाचून परतायचे नाही, हा शिकाऱ्याचा धर्म. मला तो आठवायला आठ दिवस लागले. मग वसतिगृहात त्याच्या खोलीवर गेलो. "माझं चुकलं," एवढेच म्हणालो. त्याने स्टोव्हवर चहा केला.

सोमवारी तो तासाला आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्या दिवशी मी फळ्याकडे पाठ करून फारसे बोललो नाही.