छकुलीची पहिली

दापोली तालुका,
२८ जुलै २०२०

चि. बाळ आणि सौ. वहिनी,


रविवारी फोनवर तुझं बोलणं अर्धंमुर्धंच कळलं. रेंज मिळते म्हणून सड्यावर गेले होते, पण वारा असा की तुझा आवाज येत होता नि जात होता. "ताई, पोरांचं यंदाचं वर्ष वाया गेलं," एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. खाली घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. वाडीतला टेम्पो उद्या पहाटे पास काढून डोंबिवलीला निघतोय. त्याच्याकडे राखी देते आहे, सोबत हे पत्र.

गणपतीनंतर तरी शाळा उघडतील का, असं तू विचारलंस. बाळा, मला माहीत नाही. आमच्या केंद्रप्रमुखांनाही माहीत नाही. १५ जूनला कागदावर वर्ष सुरू झालं, पण कोरोनामुळे वर्गाचं कुलूप तसंच आहे. म्हणून पहिलं सांगते, तारखेची वाट बघणं सोडा. "शाळा उघडली की बघू" असं म्हणत राहिलं की घरात काहीच मांडलं जात नाही, सगळं आज-उद्यावर जातं. दिवाळीपर्यंत शाळा नाहीच असं धरून घर लावा. आधी उघडली तर आनंदच आहे.

आणि मुलांना खरं सांगा. वहिनी म्हणाल्या, छकुलीने "पुढच्या महिन्यात शाळा" ऐकून तीनदा नवं दप्तर भरलं आणि तीनदा रिकामं केलं. सहा वर्षांच्या पोरीला "आम्हाला माहीत नाही, पण कळलं की सगळ्यात आधी तुला सांगू" हे समजतं. तिला फसवल्यासारखं वाटू देऊ नका.

मी हे शहाणपण घरात बसून सांगत नाहीये. मेमध्ये मुंबईहून चाकरमानी यायला लागले तेव्हा आमची शाळाच विलगीकरणाला दिली होती. ज्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, तिच्याखाली माणसं चटया टाकून चौदा चौदा दिवस झोपली. ती जात नाहीत तोवर ३ जूनला निसर्ग वादळ आलं. एका खोलीचे पत्रे उडाले, कपाटातली पुस्तकं भिजली, वाडीत वीज यायला जवळजवळ महिना गेला. अशात मी काय केलं, तर पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि रोज अभ्यास पाठवायला लागले. माझ्या मनात समाधान होतं की काम सुरू आहे. जूनच्या शेवटी पुस्तकं आणि पोषण आहाराचे तांदूळ द्यायला घरोघर गेले तेव्हा खरं कळलं. माझ्या तेवीस मुलांपैकी नऊ जणांच्याच घरी तसला फोन. चौथीतली एक मुलगी भावाचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, डोक्यावर इरलं घेऊन रोज सड्यावर चढायची, माझा अभ्यास उतरवून घ्यायची आणि खाली येऊन शेजारच्या तिघांना सांगायची. पावसात. तिच्या वहीतली शाई ओघळलेली होती. ते पान मला अजून दिसतं. त्या दिवसापासून मी ग्रुप बाजूला ठेवला आणि आठवड्यातून दोनदा पडवी-पडवीत जाऊन बसते. चार मुलं, लांब लांब, तोंडाला रुमाल. तासभरच, पण मुलं बोलायला लागतात.

म्हणून दुसऱ्या फोनचं. अर्धा पगार येतोय, त्यात हप्त्यावर फोन घेऊ नकोस. आहे तो फोन छकुलीच्या दादाचा. दहावीचं वर्ष आहे. छकुलीला फोनची गरज नाही, हे मी पंचवीस वर्षं पहिली-दुसरी शिकवून सांगते आहे. गेल्याच आठवड्यात सरकारनेही पहिली-दुसरीला दिवसाला ३० मिनिटांची दोनच सत्रं ठरवून दिली, त्यातही काही वेळ पालकांशी बोलण्याचा. एवढंसं ते. एखाद्या दिवशी चुकलं तर जीव जाळू नका. घरात टीव्ही आहे, तर सह्याद्रीवर २० तारखेपासून 'टिलीमिली' सुरू झालीय, रविवार सोडून रोज. पहिली ते आठवीसाठी, प्रत्येक इयत्तेची वेळ वेगळी. त्यात गुरुजी फळ्यापुढे उभे राहून बोलत नाहीत, घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन मुलं करून बघतात. छकुलीला त्यापुढे एकटीला बसवू नका, कुणीतरी शेजारी बसा.

वहिनी, तुम्ही विचारलंत की यंदा तिला पहिलीत न घालता पुढच्या वर्षी घालावं का. नको. नाव असू द्या. पहिलीत मूल काय शिकतं? दुसऱ्याचं ऐकून घेणं, आपलं म्हणणं पूर्ण वाक्यात सांगणं, हातात धरून मोजणं, पुस्तक उलटं-सुलटं कळणं. यातलं बहुतेक तुमच्या दोन खोल्यांत होईल. एकच गोष्ट होणार नाही, बरोबरीची मुलं. मला खरी काळजी त्याची वाटते, धड्यांची नाही. २ जुलैपासून तुमच्याकडे पुन्हा कडक लॉकडाऊन झाला, जिना उतरणंही बंद, ते मी समजू शकते. आता थोडं सैल झालंय तर मजल्यावरच्या एखाद्याच घराशी ठरवा. तेही तुमच्यासारखे जपून राहणारे असावेत. त्यांचं मूल आणि छकुली, रोज तासभर, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. एक सोबती पुरतो.

तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. मी चौथीत असताना विषमज्वराने श्रावणापासून दिवाळीपर्यंत अंथरुणात होते. आई दोन इयत्ता शिकलेली, तिला पुढचे पाढे येतच नव्हते. ती फणसाच्या आठळ्यांचं टोपलं माझ्यापुढे ठेवायची. पाचापाचाचे ढीग लाव म्हणायची, मग सातासाताचे लाव. आणि उरल्या त्यांचं काय करायचं ते मीच सांगायचं. भागाकार मी तिथे शिकले, नाव नंतर कळलं. संध्याकाळी दिवसभरात काय काय झालं ते तिला ओळीने सांगायचं, मधलं गाळायचं नाही. वर्ष गेलं असं मला कधी वाटलं नाही, कारण आईने तसं कधी म्हटलं नाही. बाळा, मुलांसमोर ते वाक्य पुन्हा बोलू नकोस. दादा पंधरा वर्षांचा आहे, तुझ्या तोंडचं तो खरं मानतो.

दादाचं वेगळं. यंदाचा अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलाय. कुठले धडे गेले ती यादी शाळेतून मागून घे आणि पुस्तकात पेन्सिलीने खुणा करायला सांग. ऐकीव यादीवर काही सोडू नये. परीक्षा कधी, कशी, ते कुणी सांगू शकत नाही. आपल्या वाडीतल्या पोरीचा उद्या दहावीचा निकाल आहे. मार्चमध्ये तिचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, आता बाकीच्या विषयांवरून सरासरी गुण देणार आहेत. ती भूगोलातच हुशार, खूप रडली. पण इतर पेपर तिने मन लावून लिहिले होते, तेच आता तिच्या भूगोलाला धावून येतील. दादाला एवढंच सांग की प्रत्येक विषयात थोडं थोडं पुढे राहा, एकावर भिस्त ठेवू नको. आणि रोज अर्धा तास घड्याळ लावून हाताने लिहायला बसव. पडद्यावर ऐकून मुलांना वाटतं सगळं येतंय, पण तीन तास लिहायची बोटांची सवय चार महिन्यांत जाते. आमच्या मोठ्या मुलांचं अक्षर मी बघते आहे ना.

आता जे बोलायला तू टाळतोस ते. तुम्हा दोघांना एकदम ताप आला आणि विलगीकरणात नेलं, तर मुलांजवळ कोण? मी इथून येऊ शकणार नाही, पास मिळेपर्यंत दोन दिवस जातील. तेव्हा आजच शेजारच्या काकूंशी स्पष्ट बोलून ठेव. एका पाकिटात आधार कार्डं, रेशन कार्ड, डॉक्टरांचा नंबर, थोडे पैसे. पाकीट कुठे आहे ते दादाला दाखव. त्याला कुकर लावायला शिकव, वरण-भात आला पाहिजे. थर्मामीटर बघता आला पाहिजे. याला घाबरवणं म्हणत नाहीत. कामं माहीत असली की मूल रात्री झोपतं. आमच्याकडे मेमध्ये एका घरातली दोन भावंडं तीन दिवस आजीजवळ होती. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, मोठ्या मुलाला चूल पेटवता येत होती म्हणून निभावलं.

गणपती २२ ऑगस्टला. यायचं की नाही ते तेव्हाचे नियम बघून ठरवू. आलात तर पहिले दिवस माझ्याच शाळेत काढावे लागतील, पत्रे मात्र आता बसवलेत. नाही आलात तर मी रागावणार नाही. आरतीच्या वेळी सड्यावर फोन घेऊन जाईन.

टेम्पोवाल्याकडे कापडी पिशवी दिलीय. वर कोकमं आणि सुकट आहे, खाली आठळ्या, माती लावून ठेवलेल्या, चांगल्या आहेत. धुऊन वाळवून छकुलीला द्या. तिला राखीही दिलीय, तुझ्या हातावर माझ्या वतीने तिनेच बांधायची. आठळ्या किती आहेत ते मी लिहीत नाही. तिने मोजून मला कळवायचं, मग भाजून खायच्या.

तुझी,
ताई