चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर

एप्रिल २०२४ मध्ये आमच्या घरात पहिली चारचाकी आली. त्याआधी वडिलांची बजाज स्कूटर होती, ती गेल्यावर माझी स्कूटी. मी कराडला राहते आणि शाळा मल्हारपेठच्या पुढे. पावसाळ्याचे चार महिने कराड-चिपळूण रस्त्यावर दुचाकीने जा-ये करून अकरा वर्षं काढली. त्यात आईचे गुडघे गेले. तिला दवाखान्यात न्यायचं तर दर वेळी शेजाऱ्यांची गाडी मागावी लागायची. ते कधी नाही म्हणाले नाहीत, म्हणूनच संकोच जास्त वाटायचा. दिवाळीच्या सुट्टीत मोटार ट्रेनिंग स्कूलला नाव घातलं, जानेवारीत लायसन हातात आलं आणि पाडव्याला गाडी आणायची असं घरात ठरलं. आईने तेवढी एकच गोष्ट मागितली होती: गाडी पाडव्यालाच यावी.

फेब्रुवारीत शोरूमला गेले. पेट्रोलवरची, बाराशे सीसीची लहान गाडी आधीच मनात होती. दाखवणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा, बोलायला अदबशीर. त्याने टेस्ट ड्राइव्ह दिली, चहा मागवला आणि शेवटी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला: ८.३०. "मॅडम, ऑन रोड, सगळं धरून." जाहिरातीत मी ६,८४,००० वाचलं होतं. मधले जवळजवळ दीड लाख कशाचे, ते त्या कार्डावर नव्हतं. मी त्याला म्हटलं, "मला छापील कोटेशन द्या, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत." ते मिळायला तीन दिवस आणि चार फोन लागले.

कागद हातात आला आणि मग सगळं सोपं झालं. एक्स-शोरूम किंमत ६,८४,०००. रोड टॅक्स ७५,२४०. दहा लाखांच्या आतल्या, व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर आहे, तो बरोबर होता. पासिंगची फी, स्मार्ट कार्ड, बँकेचा बोजा, फास्टॅग मिळून ३,४००. वॉरंटी वाढवून घेण्याचे ११,२००. विमा ३७,८००. ‘बेसिक किट’ १२,९००. आणि ‘हँडलिंग’ ७,५००.

हँडलिंग म्हणजे काय, असं विचारलं. यार्डातून गाडी आणणं, धुणं, आरटीओची कामं, असं उत्तर मिळालं. गाडी विकायची तर ती धुऊन दुकानात आणणं हे दुकानदाराचंच काम. ही रक्कम कुठल्या नियमाखाली घेता ते लेखी द्या, असं म्हटल्यावर ती ओळ निघाली. किटमध्ये पायपुसण्या, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि एक अत्तराची बाटली होती. ती ओळही मी काढायला लावली आणि हवं तेवढंच सामान बाजारातून ३,८०० रुपयांत घेतलं.

विम्याचं मात्र नीट समजून घ्यावं लागलं. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला त्याचा दर तेव्हा १०,६४० रुपये आणि वर जीएसटी होता. हा दर सरकारने ठरवलेला, त्यामुळे कुठल्याही कंपनीत गेलं तरी तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तोच झिरो डेप (क्लेममधून घसारा न कापणारा) विमा, गाडीची तीच धरलेली किंमत घेऊन मी बाहेर चौकशी केली, तर २८,४०० रुपयांत पॉलिसी मिळत होती. "बाहेरचा विमा घेतला तर क्लेमच्या वेळी त्रास होतो," असं मला शोरूममध्ये तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. पण विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं, विक्रेत्याला त्याची सक्ती करता येत नाही. मी बाहेरूनच घेतला. वॉरंटी ठेवली, कारण ती मला उपयोगाची वाटली. बाजारातल्या सामानाचा खर्च धरूनही तीन ओळींमध्ये मिळून २६,००० रुपये कमी झाले. ही माझ्या गाडीच्या जवळजवळ तीन हप्त्यांची रक्कम.

कर्जासाठी पगार जमा होतो त्याच बँकेत गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी आली. पाडवा मंगळवारी, ९ तारखेला होता. शुक्रवारी, ५ तारखेला शोरूममधून फोन आला: "मॅडम, गाडी आली. पैसे भरा, उद्या पासिंगला टाकतो."

आमच्या गल्लीत गॅरेजवाले काका आहेत. तीस वर्षं त्यांचे हात ग्रीसमध्ये आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाई, आधी गाडी बघा, मग पैसे भरा. पासिंग एकदा तुमच्या नावावर झालं की ती गाडी तुमची. मग काहीही निघालं तरी बदलून मिळायची नाही." आम्ही दोघं दुपारी यार्डात गेलो. भर उन्हात पन्नासेक गाड्या उभ्या होत्या. माझी मागच्या रांगेत, काचेवर धुळीचा थर.

काका आधी टायरजवळ उकिडवे बसले. टायरच्या कडेला लंबवर्तुळात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर ३८२३ होतं. म्हणजे २०२३ चा अडतिसावा आठवडा, सप्टेंबर. टायर जुन्या साठ्यातले असू शकतात, एवढ्यावरून काही ठरत नाही, असं काका म्हणाले. मग त्यांनी चॅसिस नंबर शोधला आणि मला मोठ्याने वाचायला लावला. सतरा अक्षरं. त्यातलं दहावं अक्षर बऱ्याच कंपन्या गाडी बनल्याच्या सालासाठी ठेवतात. २०२२ ला एन, २०२३ ला पी, २०२४ ला आर. ओ आणि क्यू वापरत नाहीत, म्हणून मधली अक्षरं गळतात. माझ्या गाडीवर पी होतं.

कोटेशनवर ‘मॉडेल २०२४’ छापलेलं होतं.

गाडी दाखवायला आलेल्या शोरूमच्या त्या मुलाचा चेहरा उतरला. त्याला आधी माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्यावर महिन्याच्या टार्गेटचं ओझं होतं हे मात्र दिसत होतं, आणि मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. तिथे सांगण्यात आलं की सहा-सात महिन्यांनी काही बिघडत नाही, गाडी शून्य किलोमीटर आहे, हवं तर २५,००० कमी करतो, पाडवा चुकवू नका. पण साल आरसीवर छापलं जातं. उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा तेच साल बघून भाव करणार. शिवाय ती इतके महिने बाहेर उन्हात उभी होती. जुन्या सालाची गाडी घ्यायला हरकत नसते. तसं आधी सांगायचं, त्या भावाने विकायची. मला २०२४ ची सांगून २०२३ ची दिली जात होती.

रात्री आईला सांगितलं. तिने पाडव्यासाठी गाडीचा हारसुद्धा सांगून ठेवला होता. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "सणाच्या दिवशी फसवणूक घरात आणायची नाही." एवढं बोलून झोपायला गेली. पाडव्याला गुढी उभारली, हार गुढीला घातला.

मी पैसे भरले नाहीत. चॅसिस नंबरचा फोटो, कोटेशनची प्रत आणि घडलेलं सगळं चार परिच्छेदांत लिहून गाडीच्या कंपनीला ईमेल केला, प्रत शोरूमला. तिसऱ्या दिवशी दुसरी गाडी मागवल्याचा फोन आला. २० तारखेला मी आणि काका पुन्हा यार्डात गेलो. या वेळी आर होतं. रंगावर ओरखडा नाही, काचा, दिवे, एसी, स्टेपनी, जॅक सगळं तपासलं, चॅसिस आणि इंजिनाचे नंबर कागदांशी ताडून बघितले. मग बँकेचा डीडी दिला. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, त्यात बनल्याचा महिना आणि साल असतं. ते वाचूनच पासिंगच्या कागदांवर सह्या केल्या.

२५ एप्रिलला, गुरुवारी, नंबर प्लेट लावून गाडी ताब्यात मिळाली. मुहूर्त कुठलाच नव्हता. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा कसा लावायचा ते विचारलं. पहिली फेरी शेजाऱ्यांच्या दारापर्यंत, पेढे द्यायला. दुसरी तिच्या दवाखान्यात.

शाळेतल्या दोघींनी त्यानंतर गाड्या घेतल्या. दोघींबरोबर मी यार्डात गेले. तुम्ही दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी घेणार असाल तर कोटेशन छापील घ्या, चॅसिस नंबर आठ दिवस आधी मागून घ्या, आणि पैसे भरण्यापूर्वी ती गाडी दिवसाउजेडी स्वतः जाऊन बघा.